मिस्त्रीच्या नावाची पितळी पाटी

वाचनालयासाठी बारा फुटांचं टेबल हवं, असं मोठ्या सिस्टरांनी सांगितलं, तेव्हा मिस्त्रीने आधी लाकडाची चौकशी केली. पुन्हा खोक्यांच्या फळ्या माथी मारणार असाल तर बारा फुटांचं सोडाच, बारा बोटांचंही होणार नाही, म्हणाला. सिस्टर हसल्या. लाकूड चांगलं येणार होतं. टेबल देणगीतून व्हायचं होतं आणि देणगीदार ते बघायला जातीने येणार होते.

चर्चच्या त्या शाळेत पाच वर्षं मिस्त्रीने मोडक्या बाकांना पाय लावले होते, दारांच्या बिजागऱ्या बदलल्या होत्या, फळ्यांच्या चौकटी ठोकल्या होत्या. सगळी ठिगळं. आपल्या गावी आपण कोण होतो, आपल्या हातचं कपाट घरात असलं की लोक पाहुण्यांना मुद्दाम कसे दाखवायचे, हे इथे सांगायचं कुणाला? निर्वासितांच्या वस्तीत प्रत्येकजण कधीकाळी कोणीतरी होताच, ऐकून घ्यायला मात्र कोणाला फुरसत नव्हती. म्हणून नवं कोरं लाकूड हातात पडलं आणि मिस्त्री तीन आठवडे दुसरीकडे फिरकला नाही. एकही खिळा न मारता, खाचेत खाच बसवून त्याने सांगाडा उभा केला. कडांवरून पॉलिश पेपर इतका फिरवला की पोरांच्या स्वेटरचा धागासुद्धा अडकू नये.

मग पाटी आली. वीतभर लांब, पितळेची, चार कोपऱ्यांत स्क्रूची भोकं. ऑफिसच्या शिपायाने ती वर्तमानपत्रात गुंडाळून आणून दिली, टेबलाच्या मधोमध लावायची आहे एवढं सांगितलं आणि तो गेला. मजकूर देणगीदारांच्या भाषेत होता. आकड्यांखेरीज त्या लिपीत मिस्त्रीला एकच गोष्ट वाचता येई, स्वतःचं नाव, कारण हजेरीच्या वहीत रोज तेच लिहावं लागे. आणि तेच नाव पाटीवर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत कोरलेलं होतं. खाली दोन सालं. एक त्याच्या जन्माचं, दुसरं तो इथे येऊन कामाला लागला त्या वर्षाचं.

मिस्त्री पाटी हातात धरून टेबलाच्याच कडेवर टेकला. एवढी वर्षं कोणी साधं शाबास म्हटलं नव्हतं आणि आज एकदम पितळेत नाव. त्याने शर्टाच्या बाहीने पाटी पुसली, पुन्हा वाचली, पुन्हा पुसली. हे लोक बोलत नाहीत, पण बघत असतात, असं त्याला वाटलं, आणि सिस्टरांबद्दल आजवर मनात जे काही वाईटसाईट आलं होतं त्याची त्याला लाज वाटली.

जेवणाच्या सुट्टीत तो तडक धुलाईघरात गेला. त्याची बायको तिथे वसतिगृहाच्या चादरी धुवायची. हात कोपरापर्यंत साबणात.

"हात पूस आधी," तो म्हणाला. "आणि हे बघ. तुझ्या नवऱ्याचं नाव बघ कुठे लागतंय."

बायकोने हात पुसले नाहीत. पाटीकडे पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिला त्याच्याहून जास्त वाचता येत होतं असं नव्हे. पण दोन सालं आणि मध्ये आडवी रेघ कुठे लिहितात, हे तिने चर्चच्या मागच्या आवारात, कबरींच्या दगडांवर, रोज येता-जाता पाहिलं होतं.

"अहो, हे लावू नका," ती म्हणाली.

"का?"

"बसा जरा."

"उभ्याने ऐकू येतं मला."

मग तिने सांगितलं. नळ वाहत होता, तो बंद करायचंही तिला सुचलं नाही. सीमा ओलांडताना मिस्त्री मागे राहिला होता. आठ महिने त्याचा ठावठिकाणा नव्हता. ती आणि दहा वर्षांची पोर इथे पोचल्या, तेव्हा चर्चच्या ऑफिसात फॉर्म भरून घेतला. वडील या शब्दापुढे दोनच चौकोन होते, हयात आणि मयत. ती म्हणाली, माहीत नाही. कारकून म्हणाला, माहीत नाही असा चौकोन नाही. त्याने स्वतःच्या मनाने दुसऱ्या चौकोनात खूण केली, कारण बिनबापाच्या मुलांसाठी दत्तक पालकांची योजना होती आणि नुसत्या गरीब मुलांसाठी काही नव्हतं. महिन्याभरात परदेशातून पालक मिळाला. पोर शाळेत बसली. गणवेश, पुस्तकं, दुपारचं जेवण, सगळं सुरू झालं. आणि मग एके दिवशी मिस्त्री फाटकात उभा.

"तेव्हा सांगितलं असतंस," तो म्हणाला.

"सांगितलं की सिस्टरांना. त्या म्हणाल्या, देवाची कृपा. म्हणाल्या, वर्ष संपू दे, मग कागद बदलू. तुम्हाला कामही दिलं त्यांनी. मग पुढचं वर्ष आलं. मी विचारलं. त्या म्हणाल्या, पोरीची परीक्षा होऊ दे." तिने मान खाली घातली. "नंतर मी विचारायचं सोडलं. विधवा म्हणून सही करत गेले."

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण गंमत अशी की पहिला राग आला तो खिडक्यांचा. दर वर्षी पालकांना पाठवायला मुलांचे घरच्यांसोबत फोटो काढत, आणि दर वर्षी नेमक्या त्याच दिवशी त्याला चर्चच्या दवाखान्यात खिडक्या दुरुस्त करायला पिटाळत. चार मैल चालत. खिडक्या ठणठणीत असायच्या. दवाखान्यातली नर्स म्हणायची, इथे कोणी तक्रार केली नाही बुवा. आणि हा शहाणा दिवसभर नसलेला बिघाड शोधत बिजागऱ्यांना तेल घालत बसायचा.

"पोरीला माहीत आहे?"

बायको चादर पिळू लागली. त्याने नळ बंद केला आणि पाटी काखेत मारून निघाला.

मोठ्या सिस्टरांचं ऑफिस म्हणजे दोन टेबलं आणि छतापर्यंत फायली. एका टेबलाशी सिस्टर, दुसऱ्याशी पत्रांच्या बाई. मुलांची पत्रं पालकांच्या भाषेत आणि पालकांची मुलांच्या भाषेत करणं हे पत्रांच्या बाईंचं काम. मिस्त्रीने पाटी सिस्टरांच्या पुढ्यात आपटली. दौतीतली शाई हिंदकळली.

"मी मेलो कधी, ते तरी कळवायचं," तो म्हणाला. "सुतकाची सुट्टी घेतली असती."

सिस्टर वाईट बाई नव्हत्या. निदान मिस्त्री आजवर तसं समजत होता. त्यांनी दार लावलं, त्याला पाणी दिलं, आणि तापल्या माणसाशी बोलतात तसं सावकाश बोलू लागल्या. पाटी देणगीदारांनी परस्पर करून पाठवली, शिपायाला काही ठाऊक नव्हतं, चूक झाली. ही तुमच्या हाती यायला नको होती.

"ही चूक झाली होय," मिस्त्री म्हणाला.

"मिस्त्री, शांतपणे ऐका. देणगीदार म्हणजे तुमच्या मुलीचे पालकच, ते शनिवारी येताहेत. निवृत्त मुख्याध्यापक आहेत, एकटे आहेत, तुमच्या मुलीवर फार जीव आहे त्यांचा. पुढचं सगळं शिक्षण, अगदी नर्सिंगपर्यंत, त्यांनी कबूल केलंय. शनिवारी कागदावर सही होईल. पण ती योजना..."

"बिनबापाच्यांची. कळलं. अजून किती बाप मारलेत तुम्ही?"

सिस्टर समोरची फाईल सरळ करू लागल्या.

"फाटकावरचा वॉचमन?"

सिस्टर खिडकीतून बाहेर पाहू लागल्या. बाहेर वॉचमन शाळेत उशिरा आलेल्या दोन पोरांना दम देत होता.

"तोही गेला का? भला माणूस होता," मिस्त्री म्हणाला. त्याला हसू आलं आणि त्या हसण्याचीच भीती वाटली. "बदला माझा कागद. आत्ता, माझ्यासमोर."

"बदलला तर मुलगी सोमवारपासून घरी बसेल. मी नाही बसवणार. नियम बसवेल. नियम मी केलेले नाहीत, मिस्त्री. तिकडे लोकांना जिवंत बापांच्या मुलांची दया येत नाही, त्याला मी काय करू? माझ्याकडे दोनशे मुलं आहेत."

हे त्या इतक्या थकून म्हणाल्या की ते खरं आहे हे मिस्त्रीला कळलं, आणि त्यामुळे तो आणखीच पेटला. खोटं बोलणाऱ्याशी भांडता तरी येतं. तो पत्रांच्या बाईंकडे वळला.

"माझ्या पोरीची पत्रं काढा. वाचून दाखवा."

बाईंनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांनी डोळे मिटले, म्हणजे परवानगी दिली असावी. फाईल निघाली. पोरीच्या हातचे मूळ कागद त्यात लावलेले होते.

पहिल्या वर्षीचं पत्र तीन ओळींचं होतं. बाबा मागे राहिले, आले नाहीत, शाळा छान आहे. दुसऱ्या वर्षी पालकांनी विचारलं होतं, वडील कसे होते? पोरीने पानभर लिहिलं होतं. बाबा उंच होते, त्यांच्या अंगाला भुशाचा वास यायचा, ते माझी पेन्सिल पटाशीने तासून द्यायचे, टोक इतकं बारीक की कागद फाटायचा. तिसऱ्या वर्षी पालकांनी विचारलं, ते कसे गेले, सांगवत असेल तर सांग. पोरीने सांगितलं होतं. नदी ओलांडताना. पाण्याला ओढ होती. त्यांनी मला काठावर ढकललं आणि स्वतः गेले. चौथ्या वर्षीच्या पत्रात तिने त्यांचं पूर्ण नाव आणि जन्मसाल लिहिलं होतं, कारण पालकांना आपल्या रोजच्या प्रार्थनेत आता नावही घ्यायचं होतं.

मिस्त्रीने ती पेन्सिल गेल्या मंगळवारी तासून दिली होती.

"पुरे," तो म्हणाला. पाटी उचलून बाहेर पडला.

संध्याकाळी पोर शाळेतून आली. सोळा वर्षांची, आईच्या चणीची, बापाच्या कपाळाची. आईने तिला दारातच सांगितलं असावं, कारण ती दप्तर न उतरवता समोर येऊन उभी राहिली. पत्र्याच्या त्या एका खोलीत भांडायला जागा नव्हती, तरी भांडण झालं.

"नदीत का मारलंस?" त्याने विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"गोळीने मारायचं नव्हतं मला," ती म्हणाली. "बाई म्हणाल्या, काहीतरी लिहावंच लागेल, पालक वाट बघताहेत. मी दोन दिवस विचार केला. वाटलं, पाण्यात दुखत नसेल."

मिस्त्रीने आवाज चढवला. "एकदा तरी मला सांगायचंस!"

"काय सांगू? तुम्ही काय केलं असतं? हेच, आरडाओरडा. ऑफिसात जाऊन पाटी आपटली असती आणि मी घरी बसले असते." आता तिचाही आवाज चढला. "तुम्हाला एकदाच कळलंय, बाबा. मी पाच वर्षं लिहितेय. ऑफिसात बसून तुम्हाला मारते आणि घरी येऊन तुमच्या ताटात वाढते. मला काय सुख आहे त्यात?"

आई कोपऱ्यात उभी राहून रडत होती. तिला कोणी गप्प केलं नाही.

"शिकायचंय तुला?" शेवटी मिस्त्रीने विचारलं.

"हो."

"मग झालं. शनिवारी मी तोंड उघडणार नाही. मेलेलं माणूस बोलत नाही, एवढं मलाही कळतं."

पाटी त्यानेच लावली. दुसऱ्या कोणी वाकडी लावली असती तर ते त्याला बघवलं नसतं. मधोमध, गुण्या लावून काटकोनात, चारही स्क्रू सारखे आवळून. लावताना तो त्या पितळेला, योजनेला, चौकोन छापणाऱ्या छापखान्याला आणि स्वतःला अशा शिव्या घालत होता की जवळून जाणारे फादर थबकले आणि न ऐकल्यासारखं करून पुढे गेले.

शनिवारी सकाळी पाहुणे आले. उंच, पांढऱ्या केसांचे, हातात टोपी. म्हातारा खरोखर भला दिसत होता, हेच मिस्त्रीला सहन होईना. बरा दुष्ट असता तर काम सोपं होतं. वाचनालयात शाळेतली मुलं रांगेने उभी होती. पुढे पोर, तिच्या शेजारी आई, पांढरे कपडे घालून. मिस्त्री भिंतीशी, कामाच्या कपड्यांत. सिस्टरांनी त्याला येऊ नका म्हणून विनवलं होतं. टेबल माझं आहे, एवढंच तो म्हणाला होता.

म्हाताऱ्याने टेबलावरून हात फिरवला. वाकून खाली पाहिलं, खिळे शोधले, सापडले नाहीत, आणि मान डोलावली. कामातलं कळणारा माणूस होता. मग तो पाटीपाशी थांबला, नाव बोटाने चाचपलं आणि काहीतरी म्हणाला. पत्रांच्या बाईंनी सांगितलं, "एक मिनिट शांत उभं राहू या. त्या शूर पित्यासाठी."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मुलांनी, फादरांनी, सिस्टरांनी. दारातल्या वॉचमननेही घातली. मिस्त्रीची बायको नवऱ्याच्या नावासमोर हात जोडून उभी राहिली. आणि भिंतीशी मिस्त्री स्वतःच्या मरणाला मान घालून उभा होता. दाताने ओठ इतका दाबला होता की तोंडात रक्ताची चव आली. पण दिलेला शब्द त्याने पाळला. ते मिनिट त्याने काढलं.

मग म्हातारा पोरीकडे वळला. डोळे भरलेले. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोन वाक्यं बोलला.

"ते म्हणताहेत," पत्रांच्या बाई म्हणाल्या, "तू स्वतःला पोरकी समजू नकोस. आजपासून मीच तुझा बाप."

"नाही," मिस्त्री म्हणाला.

तो मोठ्याने बोलला नव्हता, पण खोलीत शांतता होती. तो भिंतीपासून पुढे आला. "त्यांना सांगा बाई. त्यांचे उपकार आहेत, मानतो. पण पोरीचा बाप मी आहे. ते नाव माझं आहे. मी नदीत बुडालो नाही, कुठेच मेलो नाही, पाच वर्षं ह्याच आवारात मरमर काम करतोय. हे सगळं सांगा."

सिस्टरांचा चेहरा पांढरा पडला. पत्रांच्या बाईंनी ओठ ओले केले आणि म्हाताऱ्याला काहीतरी सांगितलं. थोडक्यात. म्हातारा हसला, पुढे आला आणि त्याने दोन्ही हातांनी मिस्त्रीचा हात धरून हलवला, टेबलाकडे बोट केलं, पुन्हा हलवला. मिस्त्रीला त्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, पण एवढं कळायला भाषा लागत नाही. बाईंनी त्याला पुन्हा एकदा मारलं होतं, त्याच्या तोंडासमोर.

त्याने हात सोडवून घेतला. आता ओरडून काही उपयोग नव्हता. जे ओरडेल ते ह्याच बाईंच्या तोंडून जाणार होतं. त्याने पोरीकडे पाहिलं नाही, कारण तिला दिलेला शब्द त्याने नुकताच मोडला होता.

"बाई," पोर म्हणाली, "तुम्ही नीट सांगितलं नाहीत."

"बाळ, गप्प बस," सिस्टर म्हणाल्या. "तुझ्या भल्यासाठी सांगतेय."

पोर गप्प बसली नाही. पालकांची भाषा ती वर्गात पहिली येण्याइतकी शिकली होती, त्यांच्याच पैशांनी. ती म्हाताऱ्यासमोर उभी राहिली आणि बोलू लागली. हात मागे घट्ट बांधलेले, आवाज सरळ. मिस्त्रीला त्यातलं त्याचं नाव तेवढं ऐकू आलं, मग पुन्हा एकदा नाव, आणि मग तिने बोट केलं, पाटीकडे नव्हे, त्याच्याकडे.

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. आधी त्याला काही समजेना, मग समजलं. त्याने बायकोच्या पांढऱ्या कपड्यांकडे पाहिलं, सिस्टरांकडे पाहिलं. पिशवीतून अर्धवट बाहेर काढलेला सहीचा कागद त्याने पुन्हा आत सरकवला. मग तो मिस्त्रीसमोर येऊन बोलू लागला, भरभर, थरथरत्या आवाजात, आणि पत्रांच्या बाई पुढे सरसावल्या तेव्हा त्याने हाताने त्यांना मागे सारलं.

"काय म्हणतोय?" मिस्त्रीने विचारलं.

पोर रडत होती, पण सांगताना अडखळली नाही. "म्हणताहेत, त्यांना सगळ्यांनी मिळून फसवलं. मीसुद्धा. म्हणताहेत, यापुढे एक दिवसाचेही पैसे नाहीत. आणि म्हणताहेत, पाच वर्षं रोज सकाळी उठून तुमच्यासाठी देवाजवळ प्रार्थना केली, त्या प्रार्थनेचं काय झालं, ते सांगा."

मिस्त्रीने म्हाताऱ्याकडे नीट पाहिलं. रोज सकाळी, पाच वर्षं, एका अनोळखी सुतारासाठी. इथल्या कोणीही तेवढं केलं नव्हतं.

"त्यांना म्हणावं," तो म्हणाला, "लागू पडली."

पोरीने डोळे पुसले आणि तेही, एक शब्द न गाळता, म्हाताऱ्याला सांगितलं.